वावर कुणाचं, वावर कुणाचा

मागच्या अंकात जायकवाडीच्या पाहुण्या पक्ष्यांवर लिहिताना मी जाताजाता एक ओळ टाकली होती, की कांड्या करकोचे हिवाळ्यात आपल्याकडं थव्यानं एकत्र चरतात पण तिकडं मध्य आशियात अंडी घालायच्या वेळी जोडीजोडीनं वेगळे होतात आणि दुसऱ्या जोडीला जवळ फिरकू देत नाहीत. त्या ओळीवर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की ह्या वेळचं सदर सगळं हद्दीवरच करायचं ठरवलं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, ज्यांची राहिली त्यांनी राग मानू नका.

सर, आमच्या दारात मिस्टरांची मोटारसायकल उभी असते. पंधरा दिवस झाले एक काळापांढरा पक्षी उजाडलं की आरशावर येऊन चोचा मारायलाय. शेपटी अशी ताठ वर करतो. पोट पांढरं आहे, डोकं छाती काळी. हाकललं की तारेवर जाऊन बसतो, मी आत गेले की परत हजर. सासूबाई म्हणतात हे काही चांगलं लक्षण नाही. काय करू? (एक गृहिणी, सेलू, जि. परभणी)

ताई, आधी सासूबाईंना सांगा की घरावर काही येत नाही, उलट तुमच्या अंगणात त्याला संसार मांडावा वाटला ही चांगली गोष्ट आहे. हा दयाळ, नर दयाळ, मादी अशी काळी नसते, राखाडी असते. मार्च ते जुलै त्याचा घरट्याचा काळ, भिंतीतलं भोक, झाडाची ढोली, जुना पाईप, कुठंही घरटं करतो आणि ह्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर त्याला अजिबात चालत नाही. आरशात त्याला दुसरा नरच दिसतो ना. ह्यानं शेपटी वर केली की तोही करतो, हा पुढं सरकला की तोही पुढं येतो. खऱ्या भांडणात थोड्या वेळानं एक जण माघार घेऊन निघून जातो, ज्याची हद्द असते तोच बहुतेक वेळा जिंकतो. आरशातला मात्र कधीच माघार घेत नाही, त्यामुळं हा बिचारा खायचं प्यायचं सोडून त्याच्यामागं लागतो.

माझ्याकडं मागच्या एप्रिलमध्ये हेच झालं. ओट्यावर चहा घेऊन बसलो आणि बघत राहिलो. दोन्ही पाय आरशाच्या वरच्या कडेवर, मान खाली वाकवून टकटक टकटक, मग दम लागल्यासारखं चोच उघडी ठेवून थांबायचा, आरशाच्या मागं जाऊन बघायचा, तिथं कुणी नाही, परत पुढं. काचेवर लाळेचे ओघळ आलेले. मी उठून दोन्ही आरशांवर कापडी पिशव्या बांधल्या. तो परत आला, हॅन्डलवर बसला, पिशवीकडं एकदा ह्या बाजूनं एकदा त्या बाजूनं बघितलं, आणि उडून समोरच्या जांभळीच्या शेंड्यावर जाऊन जे गायला सुरुवात केली ते अर्धा तास थांबला नाही. तुम्हीपण तेवढंच करा, जुना सॉक्सपण चालतो, घरट्याचा हंगाम गेला की काढून टाका.

आणि ते गाणं काय असतं ते सांगतो, कारण आपल्याला वाटतं पक्षी खुशीत आला म्हणून गातो. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ वायथम नावाचं जंगल आहे, तिथं १९७० च्या दशकात जॉन क्रेब्स ह्या शास्त्रज्ञानं ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांवर एक प्रयोग केला. ठरावीक झाडीतले मालक पक्षी पकडून काढले, मग काही रिकाम्या हद्दीत स्पीकर लावून त्यांचं गाणं वाजवत ठेवलं आणि काही हद्दी तशाच शांत सोडल्या. शांत हद्दी नव्या पक्ष्यांनी भराभर ताब्यात घेतल्या, स्पीकरवाल्या हद्दींत मात्र शिरायला त्यांनी बराच वेळ लावला. म्हणजे मालक जागेवर नसताना नुसत्या आवाजानं काही काळ हद्द राखली गेली. तुमच्या दारातला दयाळ तारेवर बसून गातो तेव्हा तो दुसऱ्या नरांना सांगत असतो की इथं मी आहे, आणि मादीलाही तेच सांगत असतो. ह्यातली दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा, रिकामी झालेली हद्द रिकामी राहत नाही, पुढच्या प्रश्नांना ती लागणार आहे.

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, झूलॉजी. टेरिटरी आणि होम रेंज दोन्हींचा अर्थ मी 'प्राण्याचा एरिया' लिहिला तर मार्क कापले. फरक सोपा करून सांगा. आणि प्रोजेक्टसाठी काही सुचवा, आमच्याकडं जंगल नाही आणि खर्च करायची ऐपतपण नाही. (एक विद्यार्थी, नांदेड)

मार्क कापले ते बरोबरच कापले, पण तुझा दोष कमी आहे, हे दोन शब्द आपल्याकडं नीट शिकवलेच जात नाहीत. खरं तर आपल्या भाषेत हा फरक एकाच शब्दात बसलाय. आपल्याकडं 'ते वावर' म्हणजे शेत, बांध घातलेलं, सातबाऱ्यावर नाव असलेलं, कुणी धुरा कोरला तर डोकी फुटतात असं. आणि 'तो वावर' म्हणजे येणंजाणं, उठबस, फिरणं. टेरिटरी म्हणजे ते वावर, होम रेंज म्हणजे तो वावर.

तुझ्या आजोबांचंच बघ. आखाडा, विहीर, वावर, पांदण, गावातलं घर, आठवडी बाजार, पिठाची गिरणी, पारावरची बैठक, एवढ्यात त्यांचं वर्ष जातं, ह्या सगळ्याला एक रेष मारली तर ती त्यांची होम रेंज. पण बाजारात दुसरा कुणी आला म्हणून ते काठी घेऊन धावत नाहीत, धावतात ते फक्त आपल्या वावरात कुणाची जनावरं शिरली तर. विल्यम बर्ट नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १९४३ साली हा फरक स्पष्ट मांडला. अन्न शोधणं, जोडीदार मिळवणं, पिल्लं वाढवणं ह्या रोजच्या कामांसाठी प्राणी जिथं फिरतो ती होम रेंज, आणि त्यातला जेवढा भाग तो राखतो तेवढी टेरिटरी. त्यानं हेही लिहिलं की कधीतरी एखादी लांबची चक्कर मारली तर ती होम रेंजमध्ये धरायची नाही. आषाढीला आजोबा पंढरपूरला जातात म्हणून पंढरपूर त्यांचा रोजचा वावर होत नाही, तसंच.

होम रेंज जवळपास सगळ्यांना असते, टेरिटरी सगळ्यांना नसते. रानडुकराचा कळप ठरल्या भागात फिरतो पण त्याला बांध नसतो, दोन कळप एकाच मक्यात येऊन जातात. मग कुणी हद्द राखायची आणि कुणी नाही हे कशावर ठरतं? १९६४ मध्ये जेरम ब्राउन ह्यांनी ह्याचं फार सरळ उत्तर दिलं, राखायचा खर्च आणि राखून मिळणारा फायदा. हे आपल्या माणसाला सांगायची गरजच नाही. जवारी हुरड्यात आली की आम्ही लहानपणी माळ्यावर बसून गोफण फिरवायचो, दिवस दिवस, घसा बसायचा हाऱ्या घालून घालून. पेरणीनंतर दोन महिने कुणी माळ्यावर बसत नव्हतं आणि कापणी झाल्यावर तर वावर गावच्या ढोरांना मोकळं. राखण्यासारखं जेव्हा असतं तेव्हाच राखायचं, आणि एवढंही पसरून नाही ठेवायचं की राखताच येणार नाही. परीट पक्षी बघितलास ना, नदीकाठी शेपटी खालीवर हलवत पळतो तो, त्याच्याच एका भाऊबंदावर इंग्लंडात थेम्स नदीच्या काठी निक डेव्हिस ह्यांनी हिवाळ्यात काम केलं. एकेक पक्षी काठाचा ठरावीक तुकडा राखायचा आणि त्यात गोल फेरी मारायचा, साधारण चाळीस मिनिटांची, तोवर पाण्यानं नवीन किडे काठाला आणून लावलेले असायचे. किडे भरपूर असले की तो दुसऱ्या एका पक्ष्याला आपल्या तुकड्यात राहू द्यायचा, कारण तोही घुसखोर हाकलायला मदत करायचा. किडे कमी झाले की त्याच सोबत्याला बाहेर काढायचा. इतका बारीक हिशोब एवढासा पक्षी करतो, मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

आता प्रोजेक्ट. गल्लीतली कुत्री घे. खर्च एक वही, एक पेन. आठदहा कुत्री रंगावरून, कानावरून ओळखायला शीक, गल्लीचा नकाशा हातानं काढ, महिनाभर रोज सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास, दर पंधरा मिनिटांनी कोण कुठं आहे तिथं ठिपका. महिन्यानं एकेका कुत्र्याचे सगळ्यात बाहेरचे ठिपके रेषेनं जोड, खुंट्यांना बाहेरून दोरी गुंडाळावी तसे, ही त्याची होम रेंज. वाघाबिबट्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घालून जे ठिपके येतात त्यांनाही सगळ्यात आधी हीच दोरी गुंडाळतात, फरक नाही. मग भांडणं कुठं झाली, पाय वर करून मुतले कुठं, ते वेगळ्या रंगानं लिही. तुला दिसेल की बाहेरच्या कुत्र्याला एका पुलापर्यंत किंवा एका डीपीपर्यंत सगळे मिळून पळवतात आणि तिथं पोचल्यावर आपोआप थांबून मागं फिरतात, ती जागा म्हणजे बांध. आणि हेही दिसेल की शेजारच्या टोळीच्या ओळखीच्या कुत्र्यावर जेवढं भुंकतात त्याहून कितीतरी जास्त अनोळखी कुत्र्यावर तुटून पडतात. ओळखीच्या शेजाऱ्याची हद्द कुठं संपते हे माहीत असतं, अनोळखी काय करील ह्याचा नेम नसतो. पक्ष्यांतही असंच असतं. एक मात्र सांभाळ, पिल्लंवाल्या कुत्रीच्या जवळ जायचं नाही.

बोका लई उपद्रवी झाला, दूध ठेवू देईना, म्हणून पोत्यात घालून चार किलोमीटरवर साखर कारखान्याच्या पलीकडं सोडून आलो. तिसऱ्या दिवशी दारात हजर. वाट कशी सापडली? (केज, जि. बीड)

कारण चार किलोमीटर त्याच्यासाठी परका देश नव्हता. पाळीव मांजरं रोज फार लांब जात नाहीत, सहा देशांत ९२५ मांजरांना जीपीएस लावून केलेला अभ्यास २०२० साली आला, त्यात सरासरी वावर ३.६ हेक्टर म्हणजे नऊ एकर निघाला. पण हा रोजचा वावर झाला, बोके मादीच्या शोधात त्याच्या पुष्कळ बाहेर जातात, त्यांना वास, आवाज, खाणाखुणा सगळं पाठ असतं. दादा, परत असं सोडू नका. तिथल्या बोक्यांनी त्याला फाडलं असतं, ती त्यांची हद्द, आणि रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर वेगळेच. डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या, भटकणं आणि मारामाऱ्या दोन्ही पुष्कळ कमी होतात. दुधाला जाळीचं कपाट करा.

आमच्या गावात वानरांची एक टोळी वर्षानुवर्षं आहे, एक मोठा हुप्प्या, बाकी माद्या नि पिल्लं. गेल्या महिन्यात दुसरा हुप्प्या कुठून आला, तीन दिवस गच्च्यांवर नुसती पळापळ, जुना पळाला आणि नंतर दोन अंगावरची पिल्लं मेलेली सापडली. लोक म्हणतात वानरं पिसाळली. मारुतीच्या देवळात आम्ही शांती केली. खरं काय? (माजलगाव, जि. बीड)

पिसाळली नाहीत. वाचायला जड जाईल पण नीट सांगतो, कारण अशा वेळी घाबरून वानरं मारली जातात. हे आपल्यापासून फार लांब नाही, कर्नाटकात धारवाडजवळ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा ह्या जपानी शास्त्रज्ञानं पहिल्यांदा व्यवस्थित नोंदवलं. टोळीचा ताबा दुसऱ्या नरानं घेतला की तो अंगावरची पिल्लं मारतो. आई दूध पाजत असेल तोवर ती पुन्हा माजावर येत नाही, आणि ह्या नव्या नराचा ताबा किती दिवस टिकेल ह्याची त्याला खात्री नसते, बाहेर बिनमाद्यांच्या नरांची टोळी टपून असतेच. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि पुढचं पिल्लू त्याचं असतं. क्रूर वाटतं, मलाही वाटतं, पण त्यात आजार नाही आणि माणसावर राग तर अजिबात नाही.

ह्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नर बदलतात, टोळीचा वावर बदलत नाही. कोणत्या महिन्यात कुठल्या चिंचेला कोवळा पाला येतो, पिंपळ कधी पालवतो, उन्हाळ्यात पाणी कोणत्या हौदात असतं, हे सगळं माद्यांच्या डोक्यात असतं, लेकी आईजवळ राहून शिकतात आणि पुढं नेतात. पहाटे हुप्प्या मोठ्यानं हुप हुप करतो तो शेजारच्या टोळीला आपला ठिकाणा सांगतो, त्यामुळं समोरासमोर गाठ पडून मारामारी व्हायचे प्रसंग टळतात.

देवळात शांती केली त्याला माझं काही म्हणणं नाही, श्रद्धा आहे. पण तिथं केळी आणि शेंगदाणे टाकणं बंद करा. रोज एका जागी आयतं मिळालं की टोळीचा वावर आखडतो, रानात जाणं कमी होतं, आणि शनिवारी नाही मिळालं की तीच वानरं घराचे पत्रे काढतात.

आमच्या वावराच्या धुऱ्यावर रोही (नीलगाय) रोज ठरल्या जागीच लेंड्या टाकायलेत, ढीग झालाय. हरणांचंबी तसंच. हरभरा सगळा खाल्ला. हे ढीग उचलून टाकले तर जनावर हद्द सोडून जाईल का? (कळमनुरी, जि. हिंगोली)

काका, नाही जाणार, उद्या परत टाकतील. पण तुमचं निरीक्षण एकदम पक्कं आहे. रोही ठरल्या जागी लेंड्या टाकतो, नरही टाकतो मादीही टाकते, आणि तिथं थांबून हुंगतो, कोण आलं कोण गेलं हे त्यांना त्यावरून कळतं. तो ढीग म्हणजे सातबारा नाही, चावडीवरचा फळा समजा. काळविटाचं थोडं वेगळं. काळा झालेला नर खरोखर जागा राखतो, लेंड्यांचे ढीग लावतो, शिवाय डोळ्याच्या कोपऱ्यापुढं एक ग्रंथी असते तिचा चिकट रस काडीला, गवताला लावून ठेवतो. शांतपणे बघितलं तर दिसतं, मान तिरकी करून अगदी हळू, काजळ घालावं तसं. त्याची जागा साधारण १.२ ते १२ हेक्टर, म्हणजे तीन एकरापासून तीस एकरापर्यंत, आणि ती तो काही आठवडे ते काही महिनेच राखू शकतो, कारण राखताना धड चरणं होत नाही, थकतो. तो हटला की बाजूच्या तरण्या नरांतला कुणीतरी त्या जागेवर येतो. म्हणून एक नर हाकलून किंवा, देव करो असं कुणी न करो, मारून तुमच्या हरभऱ्याला काडीचाही फायदा नाही. शिवाय काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं जनावर आहे, जेल होते.

तुमचा हरभरा गेला हे खरं आहे आणि त्याचं दुःख मला समजतं, आमच्या घरचीही शेतीच आहे. नुकसान दिसलं की फोटो काढा, लगेच वनविभागाकडं अर्ज द्या आणि पंचनामा मागा, रोही, हरीण, रानडुक्कर ह्यांच्या नुकसानीला भरपाई आहे. लोक अर्जच करत नाहीत, किंवा पीक काढून झाल्यावर करतात.

येडशीच्या रामलिंग घाटात वाघ आला म्हणून पोरं खुश, आम्ही म्हातारी माणसं घाबरलेलो. एवढ्या लांबून, टिपेश्वरहून, का आला? आता हा आमचा एरिया त्यानं धरला का? सरळ पकडून नेऊन जंगलात का सोडत नाहीत? (एक पशुपालक, येडशी परिसर, जि. धाराशिव)

बाबा, तुमच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा देतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये येडशीच्या कॅमेऱ्यात तो दिसला, पट्ट्यांवरून टिपेश्वरचा निघाला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे. यवतमाळ जिल्ह्यातून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आला.

का आला, तर त्याला तिथं वावर मिळालं नाही म्हणून. वाघाचा बच्चा दोन वर्षांचा झाला की आईपासून वेगळा होतो. मादी बच्चा असली तर शक्यतो आईच्या शेजारीच जागा बघते, नराला मात्र लांब जावं लागतं कारण जागेवर आधीच मोठा नर बसलेला असतो. टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं, आणि शिकार भरपूर असेल तिथं एका वाघिणीला साधारण वीस चौरस किलोमीटर लागतात, नराची हद्द दोनतीन वाघिणींच्या हद्दींवर पसरलेली असते. करा हिशोब, किती नर बसतील. शिकार कमी असेल तिथं तर हद्द वाढतच जाते, रशियाच्या पूर्वेकडच्या बर्फाळ जंगलात एका वाघिणीला चारशे चौरस किलोमीटर लागतात. आणि आपलं येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. त्यामुळं तो तेवढ्यात राहणं शक्यच नव्हतं, बार्शीकडं फिरला ते त्यामुळंच.

तुमचा दुसरा प्रश्न, एरिया धरला का. खाणं, पाणी आणि मादी, तिन्ही असलं की नर ठाण मांडतो. मादी नसली की त्याचं फिरणं चालूच राहतं. ह्याच्या आधी टिपेश्वरचाच एक नर निघाला होता, २०१९ मध्ये, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचं पाऊल न् पाऊल माहीत आहे. लोक त्याला वॉकर म्हणाले. आपल्या नांदेड हिंगोलीतून, तेलंगणातून, शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरच्या आसपास चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बहुतेक रात्रीच चालायचा. ह्या अख्ख्या प्रवासात माणसाला इजा झाली ती एकदा, तो झुडपात पडून असताना माणसं त्याच्याजवळ गेली तेव्हा. पुढं २०२१ मध्ये आपल्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात आला, तिथं कित्येक दशकांत वाघ दिसला नव्हता. म्हणजे आपल्या जवारीतून, उसातून वाघ जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, ही भीतीची गोष्ट वाटेल पण मला ती धीर देणारी वाटते.

आता पकडून नेऊन सोडणं. तुमच्या वाघाला पकडायचे प्रयत्न झालेच होते, तो हाती लागला नाही. पण पकडून दुसरीकडं सोडलं की काय होतं ह्याचा धडा आपल्याच राज्यात मिळालाय, पुणे जिल्ह्यात जुन्नरला. २००१ नंतर तिथं मोठ्या प्रमाणावर बिबटे पिंजऱ्यात पकडून दुसरीकडं सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आकडे काढले, आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे माणसांवर, ही मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. कारण विचार केला तर समजतं. उसात जन्मलेल्या बिबट्याला माहीत असतं की माणूस कधी पाणी द्यायला येतो, कुत्रं कुठं बांधलेलं असतं, कोणत्या ओढ्यानं कुणाला न दिसता जाता येतं. त्याला उचलून परक्या जागेत टाकलं की हे सगळं ज्ञान शून्य. वर पिंजऱ्याचा ताण, वर तिथला मालक बिबट्या अंगावर येणार, तो घराकडं तोंड करून निघतो आणि वाटेत माणसं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला एक बिबट्या कॉलर घालून माळशेज घाटात सोडला होता, त्याला आजोबा नाव दिलं होतं, तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या नॅशनल पार्कात गेला. आणि इकडं जिथून पकडला ती जागा? पहिल्या उत्तरात लिहिलंय तेच, भरते. बहुतेक वेळा तरणा, नवखा, शिकार नीट न जमणारा जनावर तिथं येतो आणि तो जुन्यापेक्षा जास्त उपद्रव देतो.

ह्याचा अर्थ कधीच पकडू नये असा नाही. माणसावर मुद्दाम हल्ले करणारं जनावर थांबवावंच लागतं, बीडच्या आष्टी तालुक्यात २०२० साली बिबट्याच्या हल्ल्यांत लोकांनी काय भोगलं ते मी विसरलो नाही, तिथल्या घरांतून अजून संध्याकाळी एकटं वावरात जात नाहीत. पण नुसता दिसला म्हणून पकडा हे चुकीचं आहे, आणि ते मी तुम्हाला स्पष्ट सांगतो.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. जनावरं रात्री मोकळ्यावर बांधू नका, गोठ्याला दार आणि जाळी हवी, उंची चांगली ठेवा. पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेला घाटाच्या कडेला गुरं नेऊ नका, नेलीच तर दोघंतिघं मिळून, बोलत, रेडिओ मोबाईल वाजवत जा. वाकून गवत कापताना पाठीमागं कुणीतरी उभं असू द्या. गाय मारली तर ती ओढून नेऊ नका, तिच्यावर औषध टाकू नका, तशीच राहू द्या आणि वनविभागाला कळवा, भरपाई मिळते, मेलेलं उचललं की वाघ दुसरी मारतो. आणि खुश झालेल्या पोरांना आवरा, घोळका करून मोबाईल घेऊन त्याच्यामागं जाणं हेच सगळ्यात धोक्याचं आहे, वॉकर झुडपात असताना काय झालं ते वर लिहिलंच आहे.

काका, मी सातवीत आहे. आमच्या ट्यूबलाईटमागं एक मोठी पाल राहते, ती दुसऱ्या पालींना किडे खाऊच देत नाही, पळवते. आई म्हणते ती दादा पाल आहे. खरंच का? (लातूर)

आईचं बरोबर आहे बाळा. ट्यूबजवळ किडे सगळ्यात जास्त, म्हणून ती जागा राखण्यासारखी, आणि तिथं बहुतेक मोठा नरच असतो. चुकचुक आवाज करतो तोही दुसऱ्यांना सांगायला. माद्यांना तो जरा चालवून घेतो, दुसऱ्या नराला नाही, चावा घेतो, कधी शेपटी तुटून खाली पडते ती ह्याच भांडणात. लहान पाली भिंतीच्या कोपऱ्यात, कॅलेंडरमागं थांबतात आणि मोठी पलीकडं गेली की पटकन एक किडा उचलून परत येतात. लाईट गेली तर काय होतं ते बघ, मेणबत्ती टेबलावर लावली की पाली कुठं जातात, आणि लाईट आल्यावर ट्यूबजवळ आधी कोण पोचतं. आठ दिवस वहीत लिही, भिंतीचं चित्र काढून प्रत्येक पालीची जागा दाखव, आणि मला पाठव, पुढच्या अंकात तुझं चित्र छापू.